अजिंक्य, तरी रांगेतच

कनेक्टिकट राज्यात स्टॉर्स नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठाला सगळे यूकॉन म्हणतात. यूकॉनच्या मुलींनी 2025 साली बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद बाराव्यांदा जिंकलं. मुलांच्या नावावर सहा विजेतेपदं आहेत, त्यातली शेवटची दोन 2023 आणि 2024 अशी लागोपाठची. 2004 साली आणि पुन्हा 2014 साली मुलं आणि मुली एकाच हंगामात देशात पहिले आले. असं दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाला जमलेलं नाही. आणि तरीही अमेरिकेतल्या श्रीमंत क्रीडागटांनी या विद्यापीठाला गेली अनेक वर्षं दाराबाहेर ठेवलं आहे.

गट म्हणजे तिकडची कॉन्फरन्स. हंगामातले बहुतेक सामने गटातल्या गटात होतात, सामने टीव्हीवर दाखवायचे हक्क गट एकत्र विकतो आणि आलेला पैसा सभासदांना वाटतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग नकाशा पाहून ठरतात. पुणे विद्यापीठाला पश्चिम विभाग सोडून दक्षिणेत जावंसं वाटलं म्हणून जाता येत नाही. अमेरिकेत जाता येतं. पूर्वी तिथेही गट शेजारपाजारच्यांचेच असत. आता कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ न्यू जर्सीतल्या विद्यापीठाच्या गटात असतं, कारण नकाशापेक्षा टीव्हीचा करार मोठा झाला आहे.

माझा धाकटा भाऊ कनेक्टिकटमध्येच, हार्टफर्डजवळ राहतो. विमा कंपन्यांच्या संगणक विभागात त्याची सगळी नोकरी झाली. माझ्या मुलीने स्टॉर्सला एमएस केलं आणि आता ती डॅलसला असते. तिथून जवळच, आयर्विंगला, बिग ट्वेल्व्ह या गटाची कचेरी आहे. यूकॉनने त्या गटात जावं की नाही, यावर या मामा-भाचीचं कधीच एकमत होत नाही. त्यांचं बोलणं मी इथे मांडते आहे. जिथे मला गप्प राहवलं नाही, तिथे मीही बोलले आहे.

भाची: मामा, सरळ सांग. बिग ट्वेल्व्हने उद्या बोलावलं, तर जायचं की नाही?

मामा: नाही जायचं. अगं, 2013 ते 2020 ही सात वर्षं मी इथे बसून बघितली आहेत. आपला जुना गट, बिग ईस्ट, फुटला, कॅथलिक विद्यापीठं नाव घेऊन वेगळी झाली आणि मागे राहिलेल्यांचा ‘अमेरिकन’ नावाचा गट झाला. आपण त्यात गेलो. सामने कुणाशी? टल्सा, टुलेन, ईस्ट कॅरोलायना. चांगली विद्यापीठं आहेत, पण हार्टफर्डच्या माणसाला त्यांच्याशी ना वैर ना ओळख. आपल्या मुली त्या सात वर्षांत गटातल्या संघांशी 139 सामने खेळल्या आणि 139 जिंकल्या.

भाची: हरल्या नाहीत ही तक्रार आहे का तुझी?

मामा: हो, आहे. पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागलेला सामना बघायला कोण येणार? आणि खेळणाऱ्या मुलीचं काय? 2017 साली सलग 111 विजयांची मालिका मिसिसिपी स्टेटने उपांत्य सामन्यात मोडली. जादा वेळेत, अगदी शेवटच्या फेकीवर. पुढच्या वर्षी नोत्र दामने उपांत्य सामन्यातच तसंच हरवलं, पुन्हा जादा वेळ, पुन्हा शेवटची फेक. अटीतटीच्या सामन्याची सवयच मोडली होती आपल्या मुलींची.

भाची: पण त्याच गटात असताना 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन विजेतेपदं मिळाली. तेव्हा कशी नाही मोडली सवय?

मामा: तेव्हा ब्रियाना स्टुअर्ट होती.

भाची: म्हणजे खेळाडू चांगली असेल तर गट कुठला, याने फरक पडत नाही.

मामा: चार वर्षं नाही पडत. अशी खेळाडू दरवर्षी येत नाही. ती नसते तेव्हा रोजचा प्रतिस्पर्धीच तुम्हाला घडवतो. 2020 मध्ये आपण जुन्या गटात परत आलो. बाहेर पडायचे 1 कोटी 70 लाख डॉलर ‘अमेरिकन’ला मोजून आलो, आणि तीन वर्षांत मुलं विजेती झाली. प्रॉव्हिडन्सवाला असो की क्वीन्सचा सेंट जॉन्सवाला, त्याला आपल्याशी खेळायचं असतं आणि आपल्याला हरवायचं असतं. मार्चमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला गटाची स्पर्धा असते, तेव्हा निम्मं कनेक्टिकट गाडीने न्यूयॉर्कला जातं. 2009 साली तिथेच सिरॅक्यूजशी आपला सामना सहा जादा डावांपर्यंत गेला आणि रात्री एक वाजून गेल्यावर संपला. आपण हरलो, तरी इथली माणसं आजही तो सामना क्षणाक्षणाने सांगतात.

भाची: सिरॅक्यूज आता एसीसी या गटात आहे, मामा. पिट्सबर्गही तिकडेच. बॉस्टन कॉलेज तर 2005 लाच गेलं. तू ज्या बिग ईस्टबद्दल बोलतोस ती आता नाही. नाव तेच आहे, पण त्यात ओमाहाचं क्रेटन आहे, इंडियानापोलिसचं बटलर आहे. हे कुठले शेजारी?

या प्रश्नाला भावाकडे चटकन उत्तर नव्हतं. मलाही मुलीचं हे म्हणणं नाकारता येत नाही. बिग ईस्ट 1979 साली डेव्ह गॅव्हिट यांनी उभी केली ती बास्केटबॉलसाठी, ईशान्येतल्या शहरांच्या टीव्हीसाठी. 1985 साली राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांपैकी तीन याच गटाचे होते. त्याच 1979 मध्ये कनेक्टिकटमधल्याच ब्रिस्टल गावात ईएसपीएन ही वाहिनी सुरू झाली. तिचे संस्थापक बिल रास्मुसेन यांची मूळ कल्पना अगदी स्थानिक होती: या राज्यातले खेळ, यूकॉनचे सामने, केबलवरून घरोघरी दाखवायचे. पुढे ती वाहिनी देशभराची झाली आणि तिला देशभर विकता येईल असा खेळ लागला. तो अमेरिकन फुटबॉल, हातात धरून पळायच्या लांबट चेंडूचा. शनिवारी कोट्यवधी माणसं तो बघतात. बास्केटबॉलचे सामने कितीही चांगले असले, तरी करारातला मोठा वाटा फुटबॉलचाच असतो. यूकॉनच्या दारात जन्मलेल्या वाहिनीच्या हिशोबात यूकॉनची किंमत कमी भरते, ती याच कारणाने. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण मला तो हिशोब मान्य नाही. बारा विजेतेपदं मिळवणाऱ्या मुलींची पत दुसऱ्या खेळातल्या मुलांच्या शनिवारावरून ठरावी, हे मला पटत नाही.

भाची: आई, तुला पटलं नाही म्हणून हिशोब बदलत नाही. बिग ट्वेल्व्हने 2022 च्या ऑक्टोबरात ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचा करार केला, सुमारे 228 कोटी डॉलरचा. सरासरीने एका विद्यापीठाला वर्षाला 3 कोटी 17 लाख डॉलर मिळतात. बिग ईस्टमध्ये याच्या जवळपासही काही मिळत नाही. आणि यूकॉनच्या क्रीडा विभागाला 2019 साली 4 कोटी डॉलरहून जास्त तूट आली. ती कोण भरतं? विद्यापीठ भरतं आणि मुलांची फी भरते. मामा, तू कर भरतोस, म्हणजे तूही भरतोस.

मामा: भरतो. म्हणून तर विचारतो, तूट आली कशाने? फुटबॉलने. बास्केटबॉलने एवढी नाही.

भाची: सगळ्यांत मोठी तूट फुटबॉलची हे बरोबर. मग दोनच वाटा राहतात. फुटबॉल बंद करा, नाहीतर त्याला घर शोधा. बिग ईस्टमधल्या इतरांना फुटबॉलचा हा बोजाच नाही. ती विद्यापीठं सगळा पैसा बास्केटबॉलवर लावू शकतात. यूकॉन दोन्ही सांभाळतं आणि उत्पन्न एकाच खेळाचं घेतं. त्यात 2025 च्या जूनमध्ये हाऊस खटल्याची तडजोड न्यायालयाने मंजूर केली. आता विद्यापीठ स्वतःच्या खिशातून खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. मोठ्या गटांतली विद्यापीठं ही रक्कम टीव्हीच्या पैशातून काढतील. यूकॉन कुठून काढणार? चांगली मुलगी स्टॉर्सला का येईल, हा प्रश्न उद्याचा नाही, आजचा आहे.

मामा: तू म्हणतेस ते घर आपण दोनदा शोधून बघितलं. 2012 च्या नोव्हेंबरात मेरीलँड एसीसी सोडून गेलं आणि जागा रिकामी झाली. सगळ्या राज्याला वाटलं, आता आपला नंबर. एसीसीने लुईव्हिलला घेतलं, कारण त्यांचा फुटबॉल बरा होता. त्याआधी 2003 मध्ये बॉस्टन कॉलेज आणि मायामी बिग ईस्ट सोडायला निघाले, तेव्हा आपल्या राज्याचे महाधिवक्ते रिचर्ड ब्लूमेंथल यांनी खटला भरला होता. ज्यांच्यावर खटला भरला, त्यांच्याच गटात जागा मागायची पाळी आली. मग 2016. बिग ट्वेल्व्हने अकरा विद्यापीठं निवडून चाचपणी केली, त्यात आपण होतो, आणि शेवटी त्यांनी कुणालाच घेतलं नाही. 2021 मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा निघून जाणार हे ठरल्यावर घाईघाईने चार घेतले: ब्रिगम यंग, सिनसिनाटी, ह्यूस्टन, सेंट्रल फ्लोरिडा. त्यातली तीन ‘अमेरिकन’मधली होती, आपण मागे सोडून आलेल्या गटातली.

भाची: म्हणजेच 2020 ला तिथून निघालो नसतो तर कदाचित चौथे आपण असतो.

मामा: 2021 साली आपला फुटबॉल संघ बारापैकी अकरा सामने हरला. कोण घेणार होतं?

भाची: 2021 ची गोष्ट सांगू नकोस. 2024 मध्ये त्याच संघाने नऊ सामने जिंकले आणि बॉस्टनला फेनवे पार्कवर एसीसीतल्या नॉर्थ कॅरोलायनाला 27-14 असं हरवलं. आणि वाट बघितल्याने जागा मिळते, हे मी डॅलसमध्ये रोज बघते. टेक्सस ख्रिश्चन आणि सदर्न मेथडिस्ट ही दोन्ही विद्यापीठं साऊथवेस्ट कॉन्फरन्समध्ये होती. 1996 मध्ये ती कॉन्फरन्स संपली, चार जण बिग ट्वेल्व्हमध्ये गेले आणि हे दोघं बाहेर राहिले. टेक्सस ख्रिश्चन 2012 ला आत आलं आणि दहा वर्षांनी फुटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना खेळलं. सदर्न मेथडिस्टला अठ्ठावीस वर्षं लागली. 2024 ला ते एसीसीत आले आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचले.

मामा: काय किंमत देऊन आले तेही सांग ना. नऊ वर्षं गटाच्या टीव्हीच्या पैशातला वाटा सोडून. त्यांच्यामागे डॅलसचे धनिक आहेत, आठवड्यात 10 कोटी डॉलर देणग्या जमल्या. ते खाजगी विद्यापीठ आहे. आपलं राज्य सरकारचं. नऊ वर्षं फुकट खेळायचं, तर विधानसभेत कोण उत्तर देणार?

हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. गटबदलाच्या बातम्यांत आत गेलेल्यांची नावं छापून येतात, त्यांनी काय सोडलं ते कमी छापलं जातं. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट 1915 पासून होता. 2022 च्या जूनमध्ये लॉस एंजलिसची दोन विद्यापीठं बिग टेन या गटात निघाली, 2023 च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात आणखी पाच गेली आणि शेवटी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे उरली. त्या दोघांनी काहीही चूक केलेली नव्हती. त्यांची गावं लहान आहेत, एवढंच. स्टॉर्सही लहान गाव आहे, त्यामुळे त्या बातम्या मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचल्या.

मामा: आणि प्रवास धर. स्टॉर्सहून ॲरिझोनातलं टूसान साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. फुटबॉलचा संघ वर्षातून दोन-तीनदा विमानाने जाईल, त्याचं काही नाही. पण सॉफ्टबॉलच्या मुली, व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणार, रात्री उशिरा परतणार आणि सकाळी वर्गात बसणार. प्रॉव्हिडन्सला बसने तासा-दीड तासात जाता येतं. तू शिकलीस तिथे, तुला माहीत आहे अभ्यास कसा असतो.

भाची: माहीत आहे. पण पैसे नसले की काय होतं तेही बघ. 2020 च्या उन्हाळ्यात खर्च कपातीसाठी चार संघ बंद करायचं ठरलं: मुलांचं पोहणं, टेनिस, क्रॉस कंट्री आणि मुलींचं रोइंग. रोइंगच्या मुली न्यायालयात गेल्या म्हणून त्यांचा संघ वाचला. बाकीच्यांना टूसानचा प्रवासही नाही आणि प्रॉव्हिडन्सचाही नाही. ज्यांच्यासाठी तू हळहळतोस, त्यांचेच संघ आधी बंद होतात.

मी तिच्याकडे बघत राहिले. एवढ्या कळकळीने ती बोलली, ते बरंच झालं. या प्रश्नात पैशाच्या बाजूने बोलणारा माणूस खेळावर प्रेम न करणारा ठरवला जातो, आणि ते खोटं आहे.

तरी या दोघांच्या बोलण्यात मला एक गृहीत दिसतं, आणि मुख्य अडचण तिथेच आहे. दोघंही धरून चालतात की सगळे खेळ एकाच गटात असायला हवेत. का हवेत? यूकॉनमध्ये आज तसं नाही. फुटबॉलचा संघ स्वतंत्र आहे, ज्याच्याशी जमेल त्याच्याशी सामने ठरवतो. बास्केटबॉल आणि बाकीचे बहुतेक खेळ बिग ईस्टमध्ये आहेत. याला सगळे बेघरपणा समजतात. पण 2023 च्या डिसेंबरात लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनी जवळपास हेच सुचवलं होतं, की फुटबॉल वेगळा काढा आणि बाकीच्या खेळाडूंना आपापल्या भागात खेळू द्या. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या गटात पाऊल टाकणाऱ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक हे सांगत होते. स्टॉर्समध्ये नाइलाजाने जे घडलं आहे, ते इतरांनी समजून उमजून करावं इतकं शहाणपणाचं आहे. पोहणाऱ्या मुलाला टीव्हीच्या करारासाठी देशभर हिंडवायचं कारण नाही. फुटबॉलला पैसा मिळतो, तर फुटबॉलने हिंडावं.

भाची: आई, स्वतंत्र राहणं नोत्र दामला परवडतं, कारण त्यांचे घरचे सामने एनबीसी विकत घेते. आपले कोण घेतं? रेंटशलर फील्डच्या चाळीस हजार खुर्च्या भरायची मारामार. ते मैदानही स्टॉर्समध्ये नाही, ईस्ट हार्टफर्डला आहे. शनिवारी विद्यार्थ्यांना बसने जावं लागतं.

मामा: त्या मैदानावरूनच आपण 2010 चा हंगाम खेळलो आणि ‘फिएस्टा बोल’ या मोठ्या सामन्याला गेलो. ओक्लाहोमाने 48-20 असं हरवलं. हरण्याचं दुःख नाही मला, वाटणीला आलेली तिकिटं विकली गेली नाहीत आणि तोटा अंगावर पडला, त्याचं आहे. मोठ्या पंगतीत बसलो आणि जेवणाचे पैसे आपणच भरले.

भाची: 2024 मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये जायचा जो प्रस्ताव होता तो तुझ्या तोट्याचा विचार करूनच होता. बास्केटबॉल आणि बाकीचे खेळ आधी आत, फुटबॉल 2031 ला. मधल्या काळात फुटबॉल सुधारायचा. बिग ट्वेल्व्हचे आयुक्त ब्रेट यॉर्मार्क यांना हवं होतं हे. त्यांचा भर बास्केटबॉलवर आहे, कॅन्सस आणि ह्यूस्टन त्यांच्याकडे आहेत, यूकॉन आलं असतं तर त्या खेळात देशात दुसरा असा गट नसता. अडलं ते सभासद विद्यापीठांपाशी. सप्टेंबरात बोलणी थांबली.

मामा: अडलं कारण प्रत्येकाला आपला वाटा कमी होईल ही भीती. सोळा जणांत पैसे वाटणारा सतरावा का घेईल, तो स्वतःच्या वाट्याहून जास्त घेऊन येत नसेल तर? आणि फुटबॉल न आणणारा सतरावा तेवढं आणत नाही. यॉर्मार्कना कितीही हवं असू दे.

भाची: म्हणून तर 2031 महत्त्वाचं. त्या सुमाराला बिग ट्वेल्व्हचा करार संपतो. वाटणी नव्याने होईल, आणि बास्केटबॉलचे हक्क वेगळे विकायचं ठरलं तर यूकॉनची किंमत एका रात्रीत बदलेल. तोवर फुटबॉल संघ दरवर्षी सात-आठ सामने जिंकत राहायला हवा. बंद केलास तर त्या टेबलावर खुर्चीच नाही.

मामा: फुटबॉल बंद कर असं मी कधीच म्हटलं नाही. त्याच्यापायी बास्केटबॉल गहाण ठेवू नका, एवढंच म्हणतो. 2031 ला बोलावलं तर मीही जा म्हणेन. पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा हवा आणि छोटे खेळ इथे आसपास खेळायची मुभा हवी.

भाची: पूर्ण वाटा पहिल्या दिवसापासून कुणी देत नाही आता.

मामा: मग माझं उत्तर तुला मिळालं.

भाची: आणि तोवर खेळाडूंना द्यायचे वर्षाचे दोन कोटी डॉलर कुठून आणायचे, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.